लहान तळ्यातला मोठा मासा

मोठा मासा कुठे मिळेल, असे विचारले की बहुतेक गावांत एकच उत्तर येते: जिथे माणूस जात नाही तिथे. डांबरी रस्ता संपतो, पुढे बैलगाडीची चाकोरी लागते, मग पायवाट आणि शेवटी आडरानातला एखादा तलाव. तिथे कोणी जाळे टाकलेले नाही, म्हणजे तिथला मासा वर्षानुवर्षे वाढत राहिला असणार, असा हा हिशेब. तो फक्त आपल्याकडेच मांडला जातो असेही नाही. उत्तर अमेरिकेत ब्लूगिल नावाचा चपटा, निळसर कल्ल्याचा, साधारण तळहाताएवढा मासा तळ्यातळ्यांत असतो. त्याच जातीचे ताटलीएवढे मासे शोधायला हौशी लोक जंगलातल्या लहान, दूरच्या तळ्यांकडे जातात. काहींना ते मिळतात आणि पुष्कळांना बोटभर माशांचे थवे घेऊन परतावे लागते. परभणी जिल्ह्यात ब्लूगिल नाही, पण त्याच्या जागी अगदी त्याच स्वभावाची चिलापी आहे. जिंतूरच्या डोंगरापासून गंगाखेड-पालमच्या माळापर्यंत शेकडो लहान तलाव, खदानी आणि विहिरी तिने व्यापल्या आहेत. कुठे ती किलोला चार बसते, कुठे किलोला वीस. हा फरक कशामुळे पडतो, एवढाच या प्रकरणाचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर आडवाटेत सापडत नाही. लहान पाण्यात माशाचा आकार ठरतो तो तिथे खाणारी तोंडे किती आहेत यावरून. दूरचे तळे कामाचे ठरते ते तिथे ही तोंडे कमी राहण्याची काही सोय असेल तरच.

या विधानाचा पाया अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात घातला गेला. ऑबर्न येथे होमर स्विंगल या संशोधकाने १९३० च्या दशकापासून शेततळ्यांवर प्रयोग केले. तळ्यांत ठरावीक संख्येने मासे सोडायचे, काही काळाने तळे पूर्ण रिकामे करायचे आणि प्रत्येक मासा मोजून-तोलून काढायचा, अशी त्याची पद्धत होती. सारख्या सुपीकतेच्या तळ्यांतून निघणाऱ्या एकूण माशांचे वजन साधारण सारखे भरते, हे त्यातून पुढे आले. फरक पडतो तो वाटणीत. समजा एखाद्या तलावाचे पाणी २०० किलो मासळी पोसू शकते. तिथे २००० मासे असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला १०० ग्रॅम येतील आणि ४०० असतील तर अर्धा किलो. एकाच परातीतल्या भाकरी किती जणांत वाटायच्या, असा हा सरळ हिशेब आहे. ब्लूगिल एकटा सोडला की तो बेसुमार वाढतो आणि सगळेच मासे खुरटतात. त्याच्या जोडीला पिल्ले खाणारा बास मासा योग्य प्रमाणात सोडला की उरलेले ब्लूगिल चांगले वाढतात, हेही स्विंगलने दाखवले. १९५० मध्ये त्याने ‘संतुलित’ आणि ‘असंतुलित’ तळ्यांची ही मांडणी प्रसिद्ध केली. तळ्यांतल्या मत्स्यपालनाचा विचार त्यानंतर बराच काळ तिच्याच आधाराने पुढे गेला.

आता चिलापीकडे येऊ. मूळ आफ्रिकेतली मोझांबिक चिलापी भारतात १९५२ मध्ये आणली गेली. कसल्याही पाण्यात तगणारा, काहीही खाणारा, गरिबाच्या ताटात स्वस्त प्रथिने देणारा मासा म्हणून तिचे स्वागत झाले. पण काही वर्षांतच तळी तिच्या पिल्लांनी भरली, कटला-रोहूची वाढ मार खाऊ लागली आणि १९५९ मध्ये तिच्या प्रसारावर बंदी घालण्यात आली. तोवर ती हाताबाहेर गेली होती. पुढे नाईल नदीच्या खोऱ्यातली, अधिक मोठी होणारी चिलापीही आली. आज उजनीच्या जलाशयातून भिगवणच्या बाजारात येणारी चिलापी साऱ्या महाराष्ट्राला माहीत आहे. मराठवाड्यात तिची कीर्ती तेवढी नसली तरी पसारा कमी नाही. कोणी विहिरीतले शेवाळ खाईल म्हणून सोडली, कुठे ती मत्स्यबीजात मिसळून आली, कुठे सांडव्यावरून वाहत खालच्या तलावात उतरली.

तिच्या खुरटण्याचे मूळ तिच्या प्रजननात आहे. नर उथळ पाण्यात तळाशी शेपटीने आणि तोंडाने गोल खळगा करतो, मादी तिथे अंडी घालते आणि लगेच ती तोंडात घेते. अंडी फुटून पिल्ले पोहू लागेपर्यंत, आणि धोका दिसला तर त्यानंतरही काही दिवस, तिचे तोंड हाच पिल्लांचा पाळणा असतो. त्या काळात मादी जवळजवळ काही खात नाही. त्यामुळे तिची वाढ थांबते. एकाच तळ्यातल्या सर्वांत मोठ्या चिलाप्या बहुधा नरच असतात, त्याचे हे एक कारण. दुसरीकडे पिल्लांचा बचाव इतका चांगला होतो की काहीशे अंड्यांतूनही भरपूर पिल्ले जगतात. आपल्याकडचे पाणी वर्षातले बहुतेक महिने ऊबदार असल्याने हे चक्र वर्षभरात अनेकदा फिरते. आणि अन्न कमी पडू लागले की चिलापी वाढ बाजूला ठेवून आणखी लवकर वयात येते. अर्ध्या वितीपेक्षाही लहान मादीच्या तोंडात पिवळसर अंडी दिसतात. तलावाच्या काठावर पकडलेल्या माशाकडे जवळून पाहिले तर ही खूण लगेच ओळखता येते: डोके शरीराच्या मानाने मोठे, डोळे बटबटीत, पाठ सुरीसारखी निमुळती, अंगाचा रंग काळपट आणि पोटात पिकलेली गाभोळी. हे पिल्लू नव्हे, लहानखोरा प्रौढ मासा आहे. असा मासा जिथे मिळतो, तिथे पुढच्या वर्षी येऊन फार मोठा मासा मिळेल ही आशा धरू नये.

इथेच पहिला आक्षेप येतो. माणूस पोहोचत नाही तिथे मासे मारले जात नाहीत, मग ते म्हातारे आणि मोठे व्हायला नकोत का? हा युक्तिवाद अशा माशांना लागू पडतो जे कमी पिल्ले देतात, किंवा ज्यांची पिल्ले मोठ्या संख्येने खाल्ली जातात. कटला आणि रोहू यांचेच पाहा. त्यांना अंडी घालायला पुराचे वाहते पाणी लागते. लहान बंदिस्त तलावात ते सहसा प्रजनन करत नाहीत, म्हणून तिथे जेवढी बोटुकली सोडली तेवढीच संख्या असते, आणि मरतुकीने ती घटतच जाते. अशा तलावात विसरलेला कटला खरोखर मोठा होतो. चिलापीचे गणित उलटे आहे. तिला कोणी मारले नाही तर तिची संख्या वाढते, आणि संख्या वाढली की प्रत्येकीचा वाटा घटतो. म्हणजे ज्या निर्जनतेमुळे कटला मोठा होतो, तीच चिलापीला खुरटवू शकते. आडरानातल्या तलावाबद्दलची समजूत ज्या माशांवरून तयार झाली, ते मासे वेगळे होते.

पण ‘दूर’ या गोष्टीत काहीच तथ्य नाही, असे म्हणणेही घाईचे होईल. दूरचे पाणी नेमके कसे आहे, हे पाहावे लागते. परभणी जिल्ह्याच्या दक्षिण भागातून गोदावरी वाहते. उत्तरेला पूर्णा आणि दुधना, जिंतूरच्या बाजूला अजिंठ्याच्या रांगांचे फाटे, दक्षिणेला गंगाखेडकडे बालाघाटची उतरती अंगे. मोठे पाणी येलदरीचे. पूर्णेवरचे हे धरण १९६८ मध्ये पूर्ण झाले. निम्न दुधना, मासोळी आणि करपरा हे त्याखालोखाल. बाकी सगळा पसारा गावतळी, लघु पाटबंधारे तलाव, पाझर तलाव आणि अलीकडची शेततळी यांचा. यातले पुष्कळ पाझर तलाव १९७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमीच्या कामांतून उभे राहिले. हे तलाव बहुधा गावापासून लांब, माथ्याकडच्या ओढ्यांवर असतात, म्हणजे आडरानातल्या तळ्याचे वर्णन त्यांनाच सर्वांत जास्त लागू पडते. आणि मोठ्या माशाच्या दृष्टीने नेमके तेच सर्वांत वाईट असतात. पाझर तलाव बांधला जातो तोच पाणी जमिनीत मुरवून खालच्या विहिरी भरण्यासाठी. उन्हाळ्यात वाफेने दिवसाला सेंटीमीटरभर पाणी उडते ते वेगळेच. काम चोख करणारा पाझर तलाव होळीच्या आसपास तळ दाखवतो. जिथे पाणीच वर्षभर टिकत नाही तिथे चार वर्षांचा मासा कुठून येणार?

तलाव पूर्ण आटला नाही तरी अर्धवट आटणे मोठ्या माशाला जास्त नडते. एप्रिल-मेमध्ये पाणी गुडघाभर उरते, दिवसा तापते, रात्री शेवाळ आणि कुजणारा पाला मिळून त्यातला प्राणवायू संपवतात. पहाटेच्या सुमारास मासे वर येऊन तोंडे उघडतात ते यामुळेच. लहान मासा पाण्याच्या अगदी वरच्या थरातल्या प्राणवायूवर निभावून नेतो. मोठ्या शरीराची गरज त्यावर भागत नाही, म्हणून गुदमरून मरणाऱ्यांत मोठे मासे आधी असतात. पावसाळा आला की वाचलेले लहान मासे पुन्हा पिल्ले देतात आणि संख्या पूर्ववत होते. दर उन्हाळ्याला अशी चाळणी लागणारा तलाव खुरट्या माशांचाच राहतो. त्यामुळे आडवाटेच्या तलावाबद्दल पहिला प्रश्न अंतराचा नसावा. सर्वांत वाईट उन्हाळ्यात तिथे किती खोल पाणी उरते, हे आधी विचारावे. आजूबाजूच्या शेतकऱ्यांना याचे उत्तर बिनचूक माहीत असते, कारण त्यांची जनावरे त्याच पाण्यावर जातात.

पूर्ण आटण्याला मात्र एक दुसरी बाजू आहे. २०१५-१६ च्या दुष्काळात मराठवाड्यातले बहुतेक लहान तलाव कोरडे पडले. अनेक ठिकाणी त्यांतला गाळ उपसून शेतात टाकला गेला, पुढे २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजनाच आली. असा तलाव पुन्हा भरतो तेव्हा जुनी गर्दी संपलेली असते, पाणी आधीपेक्षा खोल असते, बुडालेले गवत आणि झुडपे कुजून अन्नाचा मोठा पुरवठा होतो. अशा वेळी तिथे पोहोचलेले पहिले थोडे मासे झपाट्याने वाढतात. ही भरभराट दोन-तीन हंगाम टिकते, मग त्यांच्या पिल्लांची पिल्ले ती खाऊन टाकतात. म्हणून ‘या तलावात पूर्वी मोठे मासे निघायचे’ ही माहिती खरी असूनही निरुपयोगी असू शकते. तलाव शेवटचा कधी आटला आणि त्यानंतर चांगले भरलेले पावसाळे किती गेले, ही दोन उत्तरे त्या आठवणीपेक्षा अधिक सांगून जातात.

मासा तिथे पोहोचला कसा, हाही प्रश्न तेवढाच महत्त्वाचा. पहिल्या पावसाच्या लोंढ्याबरोबर ओढ्यातून वर चढणारे मासे आपल्याकडे सगळ्यांच्या ओळखीचे आहेत. पण ज्या तलावाचा सांडवा उंच भिंतीवरून सरळ खाली कोसळतो, तिथे खालून कोणीही चढू शकत नाही. आणि तलाव ओढ्याच्या अगदी उगमाशी असेल तर वरून वाहून येणेही शक्य नसते. अशा पाण्यात असलेला प्रत्येक मासा कोणीतरी आणून सोडलेला असतो किंवा तशा माशाची संतती असतो. चिलापी पोहोचलेलीच नाही असे थोडे तलाव जिल्ह्यात अजून असतील ते असेच, आणि तिथे कटला-रोहू सोडले तर ते वाढतात. उलट एकाखाली एक अशा साखळी तलावांत वरच्या तलावात कोणी मूठभर चिलापी सोडली तरी दोन पावसाळ्यांत सगळी साखळी भरते.

दूर असण्यापेक्षा खोल असण्याला किती किंमत आहे, याचा एक लक्षवेधी पुरावा ब्लूगिलच्याच इतिहासात मिळतो. या माशाचा जागतिक विक्रम १९५० मध्ये अलाबामातल्या केटोना तळ्यात नोंदला गेला: वजन ४ पौंड १२ औंस, म्हणजे सव्वादोन किलोच्या जवळ. केटोना हे जंगलातले नैसर्गिक सरोवर नव्हते. ती चुनखडीची पाण्याने भरलेली खाण होती, आणि तीही बर्मिंगहॅम या औद्योगिक शहराच्या काठावर. खाणीचे कडे सरळ खाली उतरतात. त्यामुळे पाणी खोल आणि कायमचे असते, पण खळगे करायला लागणारा उथळ काठ अगदी अरुंद. थोडी पिल्ले आणि भरपूर वर्षे, असा योग अशा जागी जुळू शकतो. परभणी जिल्ह्यात काळ्या दगडाच्या खडीसाठी खोदून सोडून दिलेल्या खदानी आणि जुन्या, रुंद, बारमाही विहिरी हे याचेच स्थानिक रूप. तिथे चिलापीला घरटे करायला सपाट तळ फारसा मिळत नाही, आणि मिळाला तरी खोलवर, थंड, अंधाऱ्या भागात. गावालगतच्या अशा खदानीत दहा किलोमीटर आतल्या पाझर तलावापेक्षा मोठा मासा असण्याची शक्यता जास्त. मात्र खदानीचे काठ निसरडे आणि उभे असतात, पाण्यात उतरायला किंवा बाहेर यायला पायरी नसते. तिथे एकट्याने जाऊ नये आणि पाण्यात उतरू तर मुळीच नये.

तोंडे कमी ठेवण्याची सर्वांत भरवशाची सोय म्हणजे ती खाणारा मासा, आणि आपल्याकडे ते काम मरळ करते. ब्लूगिलच्या तळ्यात बासचे जे स्थान, तेच चिलापीच्या तळ्यात मरळीचे. थायलंड आणि फिलिपिन्समध्ये चिलापीच्या तळ्यांत मरळ सोडून पिल्लांची गर्दी आटोक्यात ठेवण्याचे प्रयोग झाले आहेत आणि उरलेल्या चिलाप्या त्यात मोठ्या झाल्या आहेत. मरळीचा मराठवाड्यासाठी आणखी एक गुण आहे: ती हवेतून श्वास घेते. पाणी गढूळ, तापलेले, प्राणवायू संपलेले असले तरी ती तगते आणि ओल्या चिखलातही काही काळ जिवंत राहते. म्हणजे ज्या उन्हाळ्यात बाकी सगळे मरतात, त्यानंतरही राखणदार जागेवर असतो. पण याच माशाला बाजारात सर्वांत जास्त भाव आहे, काटे कमी असतात, बाळंतिणीला आणि आजाऱ्याला आवर्जून दिला जातो. म्हणून जिथे माणूस पोहोचतो तिथे मरळ आधी संपते. आता दूरच्या तलावाच्या समजुतीतला खरा अंश हाती लागतो. निर्जन तलावात चिलापी वाचते म्हणून ती मोठी होत नाही. तिथे मरळ वाचते, ती चिलापीची पिल्ले खाते आणि त्यामुळे उरलेली चिलापी मोठी होते. मरळ नसलेला निर्जन तलाव आणि मरळ नसलेले गावतळे यांत माशाच्या आकाराच्या दृष्टीने फारसा फरक राहत नाही.

यावर दुसरा आक्षेप असा की, हे सगळे जातीचे खेळ आहेत. खुरटी चिलापी ही मुळातच खुरट्या वाणाची असते, तिला कितीही अन्न दिले तरी ती तेवढीच राहणार. वाणाचा फरक खरा आहे. मोझांबिक चिलापी किलोच्या आसपास थांबते, नाईल चिलापी तिच्या कितीतरी पुढे जाते. पण एकाच वाणाच्या दोन तळ्यांतला फरक वाणाने समजावता येत नाही. आंध्रमधले मत्स्यशेतकरी कटला-रोहूची बोटुकली मुद्दाम दाट गर्दीत, कमी अन्नावर वर्षभर खुरटवून ठेवतात आणि मग ती मोकळ्या तळ्यात सोडतात. तीच खुरटलेली बोटुकली अन्न मिळताच अशी झपाट्याने वाढते की त्या धंद्याचा पायाच तो आहे. खुरटणे ही बहुतांशी परिस्थिती आहे. खुरट्या चिलापीही गर्दीतून काढून रिकाम्या पाण्यात सोडल्या की वाढू लागतात. उशिरा सुरुवात झाल्याने काही वाढ कायमची हुकते, एवढे मान्य करायला हवे.

तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मोठे मासे मोठ्या पाण्यात असतात, मग येलदरी सोडून डबक्यांचा शोध कशाला? येलदरीत मोठे मासे आहेत यात वाद नाही. तिथे खोली आहे, शिवडा आणि शिंगाळ्यासारखे शिकारी मासे आहेत, पाणी सहसा पूर्ण संपत नाही. पण मोठ्या जलाशयात बोटी आणि तंगुसाची जाळी रोज असतात, आणि जाळ्याचा स्वभाव असा की ठरावीक आसाच्या जाळ्यात ठरावीक आकारापासून पुढचा मासा अडकतो, लहान निसटतो. म्हणजे मासेमारी तोंडे कमी करते खरी, पण नेमकी मोठी तोंडे. याचा परिणाम युगांडातल्या जॉर्ज सरोवरात मोजला गेला आहे. तिथे १९५० नंतर नाईल चिलापीची जोरदार मासेमारी सुरू झाली आणि सुमारे २० वर्षांत पकडलेल्या माशाचे सरासरी वजन निम्म्याच्या आसपास आले. ब्लूगिलमध्ये यामागची एक यंत्रणाही दिसते. कॅनडातल्या ओपिनिकॉन सरोवरातले घरटे राखणारे नर साधारण सातव्या वर्षी वयात येतात, तर दुसऱ्यांच्या घरट्यांत चोरून शिरणारे लहान नर दुसऱ्याच वर्षी. इलिनॉयमधल्या प्रयोगांत असे दिसले की मोठे नर हजर असतात तोवर तरुण नर वयात यायला उशीर करतात आणि वाढत राहतात. मोठे काढून नेले की तेही घाईने वयात येतात आणि लहानच राहतात. मिनेसोटा राज्याने २०२१ पासून काही निवडक सरोवरांत दिवसाला नेता येणाऱ्या या माशांची संख्या कमी केली, ती याच विचाराने. लहान तलावाचा फायदा इथे आहे. त्याचे गणित एका संस्थेच्या किंवा एका गावाच्या आवाक्यात असते. येलदरीतली तोंडे कोणी मोजू शकत नाही, पाच-सात एकरांच्या तलावातली वाटणी मात्र बदलता येते.

हे सगळे काठावर उभे राहून कसे वाचायचे? फेब्रुवारी-मार्चमध्ये पाणी निवळते तेव्हा उन्हाच्या बाजूने उथळ काठ पाहावा. तळाशी चिलापीचे गोल खळगे दिसतात. नर जितका मोठा तितका त्याचा खळगा रुंद असतो. ताटलीएवढे शेकडो खळगे एकमेकांना खेटून असतील तर गर्दी खुरट्यांची. परातीएवढे मोजके खळगे, तेही अंतराअंतराने आणि जरा खोल पाण्यात असतील, तर थांबण्यासारखे काही आहे. पाणकावळ्यांचे थवे आणि बगळ्यांच्या रांगा एकाच तलावावर दिवसभर असतील, तर लहान मासळी मुबलक आहे असे समजावे. पक्षी ती कमी करतात, पण चिलापीच्या वेगापुढे बहुधा कमी पडतात. पावसाळ्यात काठाच्या गवताशी तांबूस पिल्लांचा गुच्छ एकत्र वर-खाली होताना दिसला तर ती मरळीची वीण असते, खाली आई-बाप राखणीला असतात. ही सर्वांत शुभ खूण. आणि फेकजाळ्याच्या पहिल्या दोन-तीन फेकींत निरनिराळ्या आकारांचे मासे आले तर तलाव निरोगी. सगळे एकाच मापाचे आणि गाभोळीचे आले तर निर्णय झाला.

शेवटचा आक्षेप तत्त्वाचा आहे. परदेशातून आलेल्या, देशी माशांच्या मुळावर उठलेल्या चिलापीला मोठे करण्यात पुरुषार्थ कसला? ब्लूगिलचाही असाच इतिहास आहे. जपानचे तेव्हाचे युवराज अकिहितो यांना १९६० मध्ये शिकागोच्या महापौरांनी ते मासे भेट दिले, ते जपानच्या पाण्यात पसरले, आणि २००७ मध्ये सम्राट असताना अकिहितो यांनी त्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. नव्या तलावात चिलापी सोडू नये, हे निर्विवाद. पण जिथे ती आहे तिथून तिला हाकलण्याचा व्यवहार्य मार्ग नाही. सुरुंग लावणे आणि विष कालवणे हे १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्यापासून गुन्हे आहेत, आणि विषाने चिलापीच्या आधी देशी मासे मरतात. मग उरतो तो मार्ग तिची संख्या घटवण्याचा, आणि ती घटवणारा देशी मासा म्हणजे मरळ. चिलापी मोठी करणे आणि देशी मासा राखणे ही दोन कामे इथे एकच ठरतात.

तेव्हा परभणीतल्या वाचकाला आणि तलाव ठेक्याने घेणाऱ्या मच्छीमार संस्थांना सांगणे एवढेच. तलावावर जाण्याआधी ज्या संस्थेकडे तो आहे तिची परवानगी घ्या. उन्हाळ्यातली खोली, शेवटचा दुष्काळ, सांडव्याची उंची आणि मरळीची वीण या चार गोष्टी विचारा. अंतर पाचवे. बारीक आसाच्या जाळ्याने खुरट्या चिलाप्या मनसोक्त काढा, खा, विका, त्यांचे वाईट वाटून घेऊ नका. पिल्ले राखणारी मरळ मात्र पावसाळाभर पाण्यात राहू द्या. बाजारात तिचा भाव कितीही असो, तलावात तिची किंमत त्याहून जास्त आहे.